मुलामा

पाऊस ओसरला की कुर्ल्यातल्या जुन्या इमारतींच्या गॅलऱ्यांतून वाळवणे दिसू लागतात. कुठे गाद्या, कुठे गोधड्या, कुठे चार महिने दमटलेली पुस्तके. पश्चिमेकडच्या, मिठी नदीपासून फारशा दूर नसलेल्या एका तिमजली इमारतीच्या पहिल्या मजल्यावर मात्र २०२३ सालच्या आश्विनात वेगळेच वाळवण पडलेले असे. जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले बोल्ट, नट, वायसर, दाराच्या बिजागऱ्या, बॉनेटच्या कडीचे तुकडे, बॅटरी आवळून धरणारी पट्टी. सांडग्यांची राखण करावी तसा एक साठीचा गृहस्थ शेजारी बसलेला असे. समोरच्या बिऱ्हाडातल्या आजीबाई कठड्यावरून विचारीत, "आज काय वाळत घातलंस रे?" तो मान वर न करता सांगे, "आबांची गाडी."

आबांची गाडी खाली आवाराच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी होती. ती कुर्ल्याच्याच कारखान्यात तयार झालेली. मूळची इटालियन फियाट ११००. भारतात तिला पुढे 'प्रीमिअर पद्मिनी' हे नाव मिळाले, पण लोकांनी अखेरपर्यंत तिला फियाटच म्हटले. आबांनी ती १९८८ साली दुसऱ्या हाताने घेतली, पंधरा वर्षे जपली आणि २००३ साली ते गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मिठी नदी आपले पात्र सोडून वस्तीत शिरली आणि आवारातली फियाट आसनांपर्यंत पाण्यात उभी राहिली. पाणी ओसरल्यावर तिच्या अंगावर काळा, तेलकट गाळ वाळून बसला. भंगारवाला दोनदा येऊन भाव सांगून गेला. मुलाने गाडी विकली नाही आणि दुरुस्तही केली नाही. नुसती झाकून ठेवली.

हा मुलगा पुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून फिटर विभागाचा निदेशक म्हणून निवृत्त झाला, तेव्हा त्याने ताडपत्री काढली. इंजिन आणि पत्र्याचे काम त्याने ओळखीच्या मिस्त्रीकडे सोपवले. लहानसहान लोखंडी भाग मात्र स्वतःकडे ठेवून घेतले. किलोच्या भावाने प्लेटिंग करून देणारी दुकाने कुर्ल्यात आणि धारावीत कमी नाहीत. पिशवी भरून दिली असती तर दोन दिवसांत चकचकीत माल हातात पडला असता. पण आबांनी आयुष्यभर जे केले ते त्याने स्वतः कधी करून पाहिले नव्हते. आबा प्लेटिंगवाले होते.

लोखंड मुळात एकटे राहणारे नव्हे. खाणीत ते प्राणवायूशी जोडलेलेच असते. भट्टीत कोळशाच्या आचेवर माणूस त्याला त्या सोबत्यापासून तोडतो आणि त्या क्षणापासून ते परतीची वाट शोधू लागते. गंज ही ती वाट. तिला हवा आणि पाणी दोन्ही लागतात, आणि पाण्यात मीठ असले तर ती अधिकच सोपी होते. एकाच बोल्टावर एक जागा लोखंड गमावीत असते, शेजारची जागा प्राणवायूला आपलेसे करीत असते, आणि मधल्या ओलाव्यातून एक अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाह निःशब्द वाहत राहतो. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. म्हणून तो फुगतो, पापुद्र्यांनी सुटतो, आणि खालचे कोवळे लोखंड पुन्हा उघडे पडते. ॲल्युमिनियमवर धरणारा अदृश्य थर आतल्या धातूला जपतो. लोखंडाच्या गंजाला ते व्रत ठाऊक नाही. दिल्लीत मेहरौलीला उभा असलेला लोहस्तंभ हा सोळाशे वर्षांचा अपवाद. त्याच्या लोखंडात फॉस्फरस पुष्कळ आहे आणि त्यामुळे पृष्ठावर फॉस्फेटचा पातळ, घट्ट थर धरला गेला, हे कानपूरच्या आयआयटीतले धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी उलगडून दाखवले. पण दिल्लीची कोरडी हवा मुंबईच्या नशिबी नाही. इथे वर्षातले चार महिने पाण्याचे आणि बाराही महिने खाऱ्या वाऱ्याचे. इथल्या लोखंडाला काहीतरी पांघरावे लागते.

मराठीत 'मुलामा' हा शब्द चांगल्या अर्थाने क्वचितच येतो. मुलामा म्हटला की तो वरवरचाच असायचा. आतले काहीतरी लपवण्यासाठीच तो दिलेला असणार, असे भाषेने गृहीत धरले आहे. कल्हईकडे मात्र ती इतक्या संशयाने पाहत नाही. त्याच्या लहानपणी चाळीच्या अंगणात कल्हईवाला येई. जमिनीत खड्डा करून भाता बसवी. तापलेल्या पितळी पातेल्यात नवसागराची चिमूट पडली की पांढऱ्या धुराचा लोट उठे, कथलाची कांडी टेकताच वितळे, आणि कापसाच्या बोळ्याच्या एका फेऱ्यात पिवळ्या पातेल्याच्या पोटात चांदणे पसरे. मग पातेले पाण्यात जाई आणि चर्र असा आवाज होई. कल्हई उडालेल्या भांड्यात ठेवलेले ताक कळकते, हे चाळीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होते. कल्हईवाल्यापुढे आबा पोरासारखे उकिडवे बसून राहत. "तो आणि मी एकाच धंद्यातले," ते म्हणत. "त्याला आग लागते, मला वीज. आणि त्याचं काम माणसाच्या पोटासाठी असतं, माझं डोळ्यांसाठी."

पुढे निदेशक झाल्यावर याच दोन कामांतला आणखी एक फरक तो विद्यार्थ्यांना फळ्यावर समजावून देई. कथील हा पडदा आहे. लोखंडी पत्र्यावर कथील चढवले तर ते शाबूत असेपर्यंतच रक्षण करते. त्यावर एक ओरखडा उठला की उघडे पडलेले लोखंड आधीपेक्षाही वेगाने गंजू लागते. जस्ताचे तसे नाही. जस्त हे लोखंडापेक्षा चटकन झिजणारे. दोन्ही एकमेकांना टेकून ओलाव्यात उभे राहिले की झिजण्याची पाळी जस्त स्वतःकडे घेते. ओरखडा पडून लोखंड उघडे झाले तरी, शेजारी जस्त शिल्लक आहे तोवर, त्या जखमेला गंज धरत नाही. इंग्रजीत अशा धातूला यज्ञात बळी जाणाऱ्याचे विशेषण लावतात, हे सांगताना वर्गातली मुले हसत. परीक्षेत हा प्रश्न हमखास येई, म्हणून लिहूनही घेत.

घरच्या गॅलरीतला हौद म्हणजे एक प्लास्टिकचा डबा होता. त्यात चार लिटर पांढरे व्हिनेगर, त्यात विरघळवलेले चारशे ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि मूठभर साखर. साखरेने थर अधिक बारीक आणि थोडा उजळ बसतो. डब्याच्या दोन्ही बाजूंना जस्ताचे पत्रे, ते धनाग्राला जोडलेले. मधोमध तांब्याच्या तारेला लटकणारा बोल्ट, तो ऋणाग्राला. शेजारी जुन्या प्रयोगशाळेतून भंगारात निघालेला वीजपुरवठ्याचा डबा आणि अँपिअरमापी. दर चौरस सेंटिमीटर पृष्ठाला वीस मिलिअँपिअर हे त्याचे प्रमाण. शंभर चौरस सेंटिमीटरचे भाग एकदम टांगले तर दोन अँपिअर. एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला तर जास्तीत जास्त सव्वा ग्रॅम जस्त चढते, हा हिशेब फॅरडेच्या नियमाचा. त्यात कुणालाही सवलत नाही. घाई करून प्रवाह वाढवला तर थर जळतो, काळा आणि स्पंजासारखा होऊन बोटाने निघून येतो. वीस मिनिटांत दहा मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाच्या सातव्या हिश्श्याएवढे जस्त बसते. एवढ्याशा जाडीवर पुढची काही वर्षे अवलंबून असतात.

पण खरे काम हौदाच्या आधीचे. गंजलेला बोल्ट प्रथम डिझेलात भिजवून त्याचे ग्रीस काढायचे, तारेच्या ब्रशने घासायचे, धुण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्यात ठेवायचे, विरळ आम्लात थोडा वेळ बुडवायचे आणि दर टप्प्याला स्वच्छ धुवायचे. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही नाही. शेवटी पाण्याची परीक्षा. धुतलेला भाग वर उचलला की त्याच्यावर पाण्याचा पापुद्रा अखंड पसरलेला दिसला पाहिजे. कुठे तो तुटला, थेंब थेंब झाला, तर तिथे अजून तेलाचा अंश आहे. बोटाच्या नुसत्या स्पर्शाचाही असू शकतो. त्यावर चढवलेले जस्त आज ना उद्या सोलून निघणार. ही परीक्षा पुस्तकांत आहेच. त्याने मात्र ती पुस्तकाच्या आधी ऐकली होती. घरात आई ताट विसळून पालथे घाली तेव्हा आबा सहज बघत आणि म्हणत, "पाणी फुटलं, परत धू."

जस्ताचे पत्रे त्याला एका बंद पडलेल्या छापखान्याच्या सामानात मिळाले. खिळ्यांच्या छपाईच्या काळात चित्रांचे ठसे जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने कोरून काढीत आणि लाकडी ठोकळ्यावर ठोकून बसवीत. असे तीस-चाळीस ठसे रद्दीच्या भावाने आले. उलट्या अक्षरांतल्या साबणाच्या जाहिराती, शिवणयंत्र, हसऱ्या चेहऱ्याची एक बाई, लग्नपत्रिकेवरचा गणपती. एकेक ठसा लाकडापासून सोडवून तो हौदात टांगी. दोन-तीन दिवसांच्या कामानंतर शिवणयंत्राचे चाक पुसट होई, मग अक्षरे जात, आणि अखेर चाळणीसारखा भोके पडलेला पत्रा उरे. चित्र जिथून गेले तिथून फियाटच्या बिजागरीवर येऊन बसले. गणपतीचा ठसा मात्र त्याने बाजूला ठेवला. तो देवभोळा नव्हता. तरी व्हिनेगरात गणपती विरघळताना पाहत बसणे त्याच्याने झाले नसते.

जस्ताची आणि या देशाची ओळख फार जुनी आहे. उदयपूरजवळच्या जावर गावात जुन्या मुशींचे ढीगच्या ढीग आजही दिसतात. तिथे शेकडो वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर जस्त गाळले जात होते. हे काम सोपे नाही. जस्ताचे खनिज कोळशाबरोबर तापवले की धातू वितळून खाली येत नाही. ९०७ अंशांच्या वर त्याची वाफ होते, आणि ती हवेत निसटली तर क्षणात जळून पांढरी राख होते. जावरच्या कारागिरांनी मूस उलटी टांगली, तोंड खाली केले, आणि वाफेला हवा लागू न देता खालच्या थंड भांड्यात उतरवले. 'रसरत्नसमुच्चय' या संस्कृत ग्रंथात अशा तऱ्हेच्या क्रियेचे वर्णन आहे. युरोपला ही विद्या पुष्कळ उशिरा साधली. मात्र एका धातूने दुसऱ्याच्या जागी झिजायचे, हे तत्त्व प्रयोगाने प्रथम मांडले ते लंडनमध्ये हंफ्री डेव्हीने. १८२४ साली त्याने इंग्लंडच्या आरमाराला सुचवले, की गलबतांच्या तळाला ठोकलेला तांब्याचा पत्रा समुद्रात खराब होतो, त्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडावेत. उपाय अचूक ठरला. तांबे झिजायचे थांबले. पण तांबे झिजत होते तोवर त्याच्या विषाने शेवाळ आणि शिंपले तळाला धरत नव्हते. आता ते बिनधोक वाढले आणि गलबते मंदावली. पत्रा वाचला, वेग गेला. रक्षणाचे मोल कुठेतरी मोजावेच लागते. ते कुठे मोजले जाते आहे, एवढेच नेहमी दिसत नाही.

आबा ज्या कारखान्यात काम करीत तो म्हणजे पत्र्याच्या छपराखालची एक लांबट खोली होती. भिंतीलगत हौद. निकेलचा हिरवा, क्रोमचा गडद तांबडा-तपकिरी, आणि पलीकडच्या टोकाला जस्ताचा, ज्यात सायनाइड असे. आम्लाचे पिंप आणि सायनाइडचा हौद यांच्यात चार हातांचे अंतर राहिलेच पाहिजे, हा आबांचा नियम होता. दोन्ही एकत्र आले तर निघणारा वायू माणसाला दाराबाहेर पडू देत नाही. मोटारींचे बंपर, चाकांच्या टोप्या, दारांच्या मुठी तिथे येत आणि आरशासारख्या होऊन जात. क्रोमच्या हौदात वीज सोडली की पाणी खदखदल्यासारखे होई आणि त्यातून उठणारे धुके नाकाच्या उंचीवर तरंगत राही. ते ओढून घेणारा पंखा बसवलेला होता. तो बहुधा बंद असे.

त्याच्या बालपणीच्या रात्रींना एक आवाज होता. आबा झोपले की त्यांच्या श्वासाबरोबर बारीक शीळ वाजे. थंडीत ती अधिक स्पष्ट ऐकू येई. सगळ्यांचे वडील झोपेत अशीच शीळ घालतात, असे त्याला कितीतरी वर्षे वाटत होते. दहावीत असताना तो आबांबरोबर इस्पितळात गेला. डॉक्टरांनी नाकात दिवा धरून पाहिले, आणि मग शिकाऊ डॉक्टरांना बोलावून त्यांनाही दाखवले. दोन नाकपुड्यांच्या मधला पडदा आरपार गेला होता. भोक एखाद्या शर्टाच्या बटणाएवढे होते. दुखत नव्हते म्हणून इतकी वर्षे कुणी पाहिले नव्हते. "काय काम करता?" डॉक्टरांनी विचारले. "वस्तू चमकवायचं," आबा म्हणाले. क्रोमियमच्या अशा संयुगांत काम करणाऱ्यांना हा विकार होतो, हे वैद्यकाला विसाव्या शतकाच्या आधीपासून माहीत आहे. या रूपातले क्रोमियम माणसाला कर्करोग देते, असा स्पष्ट निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९० साली दिला. आबा निवृत्त झाले ते त्याच सुमारास.

म्हणून पिवळ्या रंगाचा प्रश्न त्याच्यापुढे आला तेव्हा तो नुसता रंगाचा राहिला नाही. जस्त चढवलेला बोल्ट तसाच ठेवला तर दमट हवेत थोड्याच दिवसांत त्यावर पांढरा भुगा दिसू लागतो. हा जस्ताचा स्वतःचा गंज. तो लांबवण्यासाठी जस्तावर आणखी एक अतिपातळ थर देतात. क्रोमेटच्या द्रावणात काही सेकंद बुडवले की राखाडी बोल्ट सोनेरी होतो आणि तिरक्या उजेडात त्यावर इंद्रधनुष्याच्या छटा खेळतात. जुन्या मोटारींचे बॉनेट उघडले की दिसणारा तो सोनेरी रंग हाच. आबांच्या फियाटमध्येही काही बोल्टांच्या मानेखाली, गंज पोचला नव्हता तिथे, तो अजून शिल्लक होता. युरोपीय संघाने मोटारींच्या भागांवर या क्रोमियमला जुलै २००७पासून बंदी केली आणि कमी घातक अशा दुसऱ्या रूपातल्या क्रोमियमची द्रावणे रूढ होत गेली. त्यांनी येणारा रंग निळसर पांढरा असतो. जुन्या मोटारींचे हौशी लोक मात्र मूळच्या सोनेरीसाठी हळहळतात. ती पूड मिळवणे त्याला अवघड नव्हते. एका ओळखीच्या दुकानदाराने पन्नास ग्रॅमची पुडी आणूनही दिली होती. काही दिवस ती कपाटावर राहिली. मग न उघडता त्याने ती परत केली आणि निळसर पांढऱ्यावर समाधान मानले. मुलगी म्हणाली, "फोटोत वेगळं दिसेल, बाबा." तो म्हणाला, "दिसू दे."

त्याच दिवसांत शहरात फियाटचे नाव पुन्हा निघाले होते. मुंबईच्या टॅक्सींना वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३पासून ती काळी-पिवळी टॅक्सी रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी छायाचित्रे छापली, लोकांनी आठवणी लिहिल्या. ज्या कागदांवर त्या आठवणी होत्या त्यांच्यावरच त्याने बोल्ट वाळत घातले. मुलीला मात्र या बातम्यांनी उत्साह आला. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आपल्याला शिकायचाच, असे तिने जाहीर केले. इंजिन एव्हाना सुरू झाले होते. डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी आवारातल्या आवारात गाडी चालवायची, असे ठरले.

शनिवारी संध्याकाळी त्याने कार्ब्युरेटरचे शेवटचे भाग बसवले. त्यांत ॲक्सिलरेटर मागे खेचून घेणारी एक स्प्रिंग होती. पाय उचलला की इंजिनाचा वेग कमी होतो तो या बोटभर स्प्रिंगच्या जोरावर. बाकीचे सगळे भाग उजळ आणि मध्ये ही एकटी काळवंडलेली. म्हणून तिलाही त्याने आम्लात घालून, जस्त देऊन, इतरांसारखी केली होती. रविवारी किल्ली देण्याआधी त्याने सवयीने बॉनेट उघडले. स्प्रिंगचे दोन तुकडे झालेले होते. रात्रीत कुणी हात लावला नव्हता. ताण दिलेल्या अवस्थेत ती नुसती राहिली होती आणि आपोआप तुटली होती. तुटलेल्या टोकाशी धातू कुठे ताणलेला, दबलेला नव्हता. काच तुटावी तसा कोरा भंग होता.

त्याला दुसऱ्या कुणाला कारण विचारण्याची गरज नव्हती. आम्लात आणि हौदात धातूभोवती जे बुडबुडे उठतात ते हायड्रोजनचे. त्यातला थोडा हायड्रोजन बाहेर न पडता पोलादाच्या आत शिरतो. साध्या, मऊ बोल्टाला त्याने फारसे काही होत नाही. पण कडक केलेल्या पोलादाला, म्हणजे स्प्रिंगला आणि उच्च बळाच्या बोल्टांना, तो ठिसूळ करतो. आणि ती तुटतात तीही लगेच नव्हे, ताणाखाली काही तासांनी, काही दिवसांनी. कारखान्यात अशा भागांना जस्त दिल्यावर चार तासांच्या आत भट्टीत घालून दोनशे अंशांच्या आसपास कित्येक तास ठेवतात. ब्रेकचे आणि स्टिअरिंगचे बोल्ट त्याने याच कारणाने मुळी हौदात घातले नव्हते; नवे आणले होते. स्प्रिंग मात्र घातली. आणखी अर्ध्या तासाने ती तुटली असती तर पाय उचलूनही गाडी थांबली नसती. आवारात त्या वेळी पोरांचे क्रिकेट चालू होते.

मुलगी किल्ली हातात घेऊन उभी होती. त्याने तिला दोन्ही तुकडे दाखवले आणि सगळे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," तो म्हणाला. "वीस वर्षं शिकवलं."

ती पुढे काही बोलली नाही. पण तो प्रश्न त्याच्याजवळ राहिला आणि हळूहळू दुसऱ्याच कुणाला विचारल्यासारखा होऊ लागला. आबांना माहीत होते का? इस्पितळातून परतल्यावरही ते त्याच हौदांवर गेले. पगार तिथे होता. घरात चार माणसे होती. दुसरे काम येत नव्हते. नाकाबद्दल ते घरात कधी बोलले नाहीत. धुक्याबद्दल मालकाशी बोलले असतील की नाही, कोण सांगणार! पण एक गोष्ट त्याला आता नव्याने आठवली. शाळेतून येताना तो कधी कारखान्याच्या वाटेने आला तर आबा लांबूनच हात करीत आणि स्वतः बाहेर येत. त्याला उंबऱ्याच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकू दिले नाही. सुटीत कामाला येतो म्हणाला तेव्हा, एरवी हात न उगारणाऱ्या आबांनी त्याच्या कानशिलात मारली होती. ते हौद त्याने पाहिले होते ते बाहेरच्या रस्त्यावरून, दाराच्या चौकटीतून दिसले तेवढेच. इतकी वर्षे त्याला वाटत आले होते की वडिलांना आपल्या कामाची लाज वाटत असावी.

धुवणाच्या पाण्याचेही त्याला एकदा आबांना विचारल्याचे आठवत होते. प्रत्येक हौदानंतर भाग पाण्यात विसळायचा. ते पाणी शेवटी जाते कुठे? "गटारात," आबांनी सांगितले होते, "आणि गटार मिठीत." जे पाणी २००५ साली गाडीत चढले ते याच नदीचे. आपल्या डब्यातले आणि बादल्यांतले पाणी त्याने मोरीत ओतले नाही. त्यात धुण्याचा सोडा घातला की विरघळलेले जस्त पांढऱ्या साक्याच्या रूपाने तळाशी बसते. तो साका फडक्यातून गाळून, वाळवून, लोणच्याच्या एका जुन्या बरणीत भरला आणि वर चिठ्ठी लावली. जुन्या संस्थेच्या कार्यशाळेतली टाकाऊ रसायने रीतसर पाठवली जातात. त्यांच्याबरोबर ती बरणीही जाईल, अशी त्याने व्यवस्था केली. ती जाईपर्यंत गणपतीच्या ठशाशेजारी फळीवर राहिली. तीन महिन्यांच्या कामाची ती शिल्लक बरणीच्या तळाला चार बोटे भरली होती.

नवी स्प्रिंग त्याने फक्त ब्रशने घासून, तेलाचा हात देऊन बसवली. उजळ भागांच्या मधोमध ती काळी दिसे, आणि ते त्याने तसेच राहू दिले. पुढच्या रविवारी क्रिकेटवाल्या पोरांना कठड्यापलीकडे बसवून मुलीने आवारात गाडीच्या सात फेऱ्या मारल्या. दुसऱ्या गिअरवर प्रत्येक वेळी कर्कश आवाज झाला. समोरच्या आजीबाई गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या आणि शेवटच्या फेरीला त्यांनी कारण नसताना हात जोडले.

२०२४च्या श्रावणात, सलग तीन दिवसांच्या पावसानंतर, बाप-लेकींनी बॉनेट उघडले. बहुतेक सगळे ठीक होते. बॅटरीच्या पट्टीच्या एका बोल्टावर पाना घसरून ओरखडा पडला होता. ओरखड्यातले लोखंड स्वच्छ होते. त्याच्या कडेने मात्र पिठासारखा पांढरा भुगा धरला होता. मुलीने फडके पुढे केले.

"पुसू?"

त्याने वाकून पाहिले. चष्मा वर सारून पुन्हा पाहिले.

"नको," तो म्हणाला. "जस्त कामाला लागलंय. त्याला लागू दे."

मग खिशातली वही काढून त्याने त्या बोल्टापुढे तारीख लिहिली. पुढच्या पावसाळ्याआधी तो काढून पुन्हा हौदात घालावा लागणार होता.